पत्रिकेवर नाव नाही

लग्नपत्रिका छापणारा माणूस नावांना जितका घाबरतो तितका दुसऱ्या कशालाच घाबरत नाही. कागद कमी पडला, शाई उमटली, ऐन सीझनला मशीन बसलं, तरी काहीतरी मार्ग निघतो. पण यादीतली एक आत्या राहिली, तर आठशे पत्रिकांचा गठ्ठा दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर परत येतो आणि गठ्ठ्यामागून आत्याही येते. वर ‘श्री कुलस्वामिनी प्रसन्न’, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, मग चि. आणि चि. सौ. कां., कै. आजोबा कुठल्या ओळीत, हयात आजी कुठल्या ओळीत, सतरा निमंत्रक, आणि तळाशी ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणारी सोनू-मोनूंची फौज. पाच बाय सातच्या कार्डावर मी त्रेपन्न नावं बसवलेली आहेत. त्यात अभिमान बाळगण्यासारखं काही नाही, पण आकडा लक्षात राहिलाय.

अशा माणसाच्या हातात एके दिवशी बारा इंची तबकडीचं एक पाकीट आलं. त्यावर गाण्याचं नाव नव्हतं, बँडचंही नव्हतं. काहीच नव्हतं.

ही 2004 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ‘द्रुपा’ म्हणून छपाईयंत्रांचं जंगी प्रदर्शन भरतं. आपल्याकडचे प्रेसवाले टूर काढून, चिवडा-चकल्या बांधून त्याला जातात. यंत्रं बघायची, किंमत ऐकायची, पाणी प्यायचं आणि पुढच्या हॉलमध्ये जायचं. तिसऱ्या दिवशी मी ग्रुपला चुकवून गावात निघालो आणि जुन्या रेकॉर्डींच्या एका दुकानात शिरलो. काउंटरवरच्या पोराला गाण्याचं नाव सांगितलं. त्याने न बघता मागे हात घातला आणि पाकीट माझ्यापुढे ठेवलं.

‘ब्लू मंडे’ हे न्यू ऑर्डर या मँचेस्टरच्या बँडचं गाणं मी तेव्हा एकोणीस वर्षं ऐकत होतो. पाकीट पाहत होतो पहिल्यांदाच.

ते गाणं माझ्याकडे आलं 1985 मध्ये. कॉलेजमधल्या एका मित्राचा भाऊ गल्फमध्ये होता, त्याने पाठवलेल्या कॅसेटवरून आम्ही कॅसेट भरून घेतली होती. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट, आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेनने ‘न्यू ऑर्डर, डान्स’ एवढंच. त्या काळी पुण्यात परदेशी गाणी अशीच यायची, अंगावर कपडा नसलेली. गाणारे कोण, कुठले, दिसतात कसे, काही पत्ता नाही. रात्री वडील झोपले की मी मागच्या खोलीत, छपाईच्या ट्रेडल मशीनशेजारी, आवाज बारीक करून ती लावायचो. सुरुवातीचा तो ढोल: धड्-धड्, मग धडधडधडधड. माणूस वाजवत नाहीये हे लगेच कळायचं. आमचं ट्रेडल चालताना असाच नेमका, माणूस नसलेला ठोका द्यायचं, म्हणून असेल, मला तो आवाज परका वाटला नाही. साडेसात मिनिटांचं गाणं, त्यात माणसाचा आवाज यायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. आला तरी तो काही सांगत नाही, कुणीतरी तुमच्या अंगावर रुक्षपणे फॉर्म टाकावा तसे शब्द टाकतो. मला इंग्रजी नीट समजत नव्हतं तेव्हाही वाटायचं, या माणसाला रडायचंय आणि तो रडत नाहीये.

आता ते पाकीट. जुनी सव्वापाच इंची फ्लॉपी आठवते? काळी, चौकोनी, मध्ये गोल भोक, खाली लांबट खाच. पीटर सॅव्हिल नावाच्या ग्राफिक डिझायनरने तीच फ्लॉपी बारा इंचांपर्यंत ताणली. भोकं छापलेली नाहीत, खरोखरची पंच केलेली आहेत. त्यांतून आतलं चंदेरी पाकीट दिसतं. कडेला रंगांचे छोटे ठोकळे एकाखाली एक. ती लिपी आहे. प्रत्येक रंगाला एक अक्षर. उलगडली की बँडचं नाव, गाण्यांची नावं आणि कंपनीचा क्रमांक, फॅक 73, वाचता येतो. मात्र उलगडायची किल्ली या पाकिटावर नाही. ती त्याच वर्षी, 1983 मध्ये, आलेल्या ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ या अल्बमच्या मागच्या बाजूला एका रंगचक्रात ठेवलेली. म्हणजे एका पत्रिकेवरचं कार्यस्थळ वाचायला दुसरी पत्रिका विकत घ्यायची.

मी दुकानातच भोकात बोट घालून पाहिलं. कडा साफ होती. असं पंचिंग करायला प्लायवूडमध्ये पोलादी पट्टी वाकवून डाय बनवावी लागते, प्रत्येक कागद दुसऱ्यांदा मशीनवर चढवावा लागतो, आणि पट्टीची धार गेली की कडा फाटते, कुसळं निघतात. पुण्याला परतल्यावर मी पाकीट आमच्या पंचिंगवाल्या काकांपुढे ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि एकच प्रश्न विचारला.

“वेस्टेज किती?”

हाच प्रश्न मँचेस्टरमध्ये कुणी विचारला नाही, आणि तिथेच सगळी मजा आहे. असं म्हणतात की त्या पाकिटाचा खर्च इतका होता की सुरुवातीची प्रत्येक प्रत कंपनी तोट्यात विकत होती. नेमके किती पेनी, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. एवढ्या खर्चाच्या वस्तूचा खप नसता तर चाललं असतं. पण ‘ब्लू मंडे’ ब्रिटनमधली आजवरची सर्वाधिक खपलेली बारा इंची तबकडी ठरली. पुढच्या आवृत्त्यांत भोकं गेली, नुसती छपाई उरली. कुठल्याही प्रेसवाल्याने पहिल्याच दिवशी हे सुचवलं असतं.

ही कंपनी म्हणजे फॅक्टरी रेकॉर्ड्‌स. टोनी विल्सन हा टीव्हीवर बातम्या देणारा गडी आणि त्याचे दोस्त यांनी 1978 मध्ये मँचेस्टरला सुरू केलेली. सॅव्हिल तेव्हा तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये शिकत होता. त्याने पहिल्याच कार्यक्रमाचं पोस्टर केलं, आणि ते कार्यक्रमाच्या वेळेत आलं नाही. आमच्या धंद्यात याला गिऱ्हाईक घालवणं म्हणतात. फॅक्टरीने त्या पोस्टरला क्रमांक दिला, फॅक 1, आणि पुढे सगळ्यालाच क्रमांक देत सुटले. 1982 साली उघडलेला हासिएंडा हा नाइटक्लब फॅक 51. विल्सन 2007 मध्ये वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला फॅक 501. मरणाचीही नोंद कॅटलॉगमध्ये! हे वाचून मला आमचे वडील आठवले. त्यांनी प्रत्येक जॉबला वहीत क्रमांक दिला होता, पण आईच्या तेराव्याची कार्डं छापली त्या दिवशी वहीतली ओळ कोरी सोडली होती.

न्यू ऑर्डरच्या आधी त्याच माणसांचा दुसरा बँड होता, जॉय डिव्हिजन. 1979 सालच्या त्यांच्या पहिल्या अल्बमचं, ‘अननोन प्लेझर्स’चं, चित्र आता न ओळखणारा माणूस विरळा. काळ्यावर पांढऱ्या रेषांचे डोंगर. फर्ग्युसन रस्त्यावर टी-शर्ट विकणाऱ्यांकडे ते हमखास असतं. विकत घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नसतं, आणि माझी त्याला काही हरकत नाही. गणपतीचं चित्र घेणाऱ्याने अथर्वशीर्ष म्हणून दाखवावं असं आपण कुठे म्हणतो?

त्या रेषा म्हणजे एका पल्सारचे लागोपाठचे ठोके आहेत. जॉसलिन बेल हिला 1967 मध्ये केंब्रिजला सापडलेला पहिला पल्सार. स्वतःभोवती फिरणारा, दर एक पूर्णांक एक तृतीयांश सेकंदाला रेडिओलहरींचा एक ठोका देणारा मेलेला तारा. ते ठोके एकाखाली एक मांडून हॅरल्ड क्राफ्ट या संशोधकाने 1970 च्या आपल्या प्रबंधात आलेख काढला, तो खगोलशास्त्राच्या एका कोशात छापून आला, बँडमधल्या एकाला तो आवडला आणि त्याने सॅव्हिलला दिला. मूळचा पांढऱ्यावर काळा. सॅव्हिलने उलटा केला, खरखरीत कागदावर छापला, आणि पुढच्या बाजूला बँडचं नाव घातलं नाही, अल्बमचंही नाही. पहिलाच अल्बम! ज्यांना कुणी ओळखत नाही त्यांचा! आमच्याकडे असं डिझाइन आणणाऱ्याला वडिलांनी चहा पाजून घरी पाठवलं असतं.

मला ते डोंगरच वाटायचे. सह्याद्रीच्या रांगा, माळशेजच्या बाजूच्या. पल्सार कळला तो खोडदला. नारायणगावजवळच्या या खेड्यात महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. 28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनाच्या सुमाराला, ती सगळ्यांना बघू देतात. मुलगी आठवीत होती, तिला घेऊन गेलो होतो. शाळांच्या बसेस, उसाच्या रसाच्या गाड्या, लाऊडस्पीकर, जत्राच. एका टेबलावर एक विद्यार्थी पल्सारचा आवाज ऐकवत होता. टक. टक. टक. त्याच्या अंगात तो काळा टी-शर्ट. मुलीने विचारलं, “दादा, हे डोंगर कसले?” त्याने स्वतःच्या छातीवरच बोट फिरवत तिला समजावलं, ही एक रेष म्हणजे एक ठोका, ही पुढची म्हणजे पुढचा. मी मागे उभा राहून ऐकत होतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पाकिटाचा तपशील मला जुन्नर तालुक्यात एका मुलाच्या पोटावर वाचायला मिळाला.

इयन कर्टिस, जॉय डिव्हिजनचा गायक, 18 मे 1980 ला गेला. तेवीस वर्षांचा होता, दुसऱ्या दिवशी बँड अमेरिकेला निघणार होता. त्याने स्वतःच जीव दिला. दुसरा अल्बम तयार होता, आणि त्याच्या पाकिटावर इटलीतल्या जिनोव्हाच्या दफनभूमीतल्या एका समाधीचा फोटो होता, हे आधीच ठरलेलं. तेव्हा तो बदलावा का, असा प्रश्न आला असणार. बदलला नाही. मला याबद्दल फार बोलवत नाही. माणसं त्या मरणाचंही पोस्टर करतात, त्याचा कंटाळा येतो.

मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे, ती नावाची. चौघांचं आधीच ठरलं होतं की आपल्यातला एक जरी गेला तरी उरलेल्यांनी हे नाव वापरायचं नाही. आणि त्यांनी ते पाळलं. बर्नार्ड समनर, पीटर हुक, स्टीव्हन मॉरिस या तिघांनी पाटी उतरवली. त्याच वर्षी जिलियन गिल्बर्ट येऊन मिळाली, आणि न्यू ऑर्डर या नावाने शून्यापासून सुरू केलं. ज्या नावावर लोक तिकीट काढत होते ते नाव खाली ठेवायचं, हे आमच्या पेठेत कुणाला सांगून बघा.

गिल्बर्टचीही एक गोष्ट सांगतो, कारण मुद्रितशोधन करणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकायला हवी. ‘ब्लू मंडे’तली ती यांत्रिक धून समनरने सुटे भाग आणून जोडलेल्या सिक्वेन्सरवर, म्हणजे भरून ठेवलेले स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर, बसवायची होती. एकेक स्वर हाताने, आकड्यांत भरायचा. गिल्बर्टने सगळा क्रम ए-फोर कागदांवर लिहिला, कागद सेलोटेपने एकाला एक जोडले. तिने नंतर सांगितलं त्याप्रमाणे ती पट्टी स्टुडिओभर पसरली होती, स्वेटरच्या विणीच्या नमुन्यासारखी. आणि भरताना एक स्वर राहिला. त्यामुळे धून ठोक्याच्या किंचित बाजूला सरकली. रजिस्टर गेलं, आमच्या भाषेत. चार रंगांतला एक रंग केसभर बाहेर. आणि त्यांनी ते तसंच छापलं. ते गाणं कितीही ऐकलं तरी पायाला अजून काहीतरी पकडायचं उरतं, ते यामुळे असावं असं मला वाटतं.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात मँचेस्टर म्हणजे कापड, आणि इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचं मँचेस्टर. माझं आजोळ इचलकरंजीचं. मामाच्या कारखान्यात काठाची नक्षी विणायला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरायची. एक भोक चुकलं की शेवटपर्यंत नक्षी तिरकी. मामा ते लुगडं विकायचा नाही, मामीला द्यायचा. मामीच्या अंगावर सगळी चुकलेली लुगडी असायची, आणि काय सांगू, तीच जास्त छान दिसायची.

इथे मला आमच्या घरातली गोष्ट सांगावी लागेल. आमचा प्रेस आजोबांनी काढलेला. वडील मशीन बघायचे, काका प्रुफं वाचायचे. काकांच्या नजरेतून ऱ्हस्व-दीर्घ सुटत नसे, आणि माणसंही सुटत नसत. 1994 मध्ये दोघांचं फाटलं. कारण ऑफसेट मशीनच्या कर्जाचं होतं, पण भांडण झालं ते पाटीवरून. काकांनी दोन पेठा सोडून गाळा घेतला आणि आमच्याच नावाआधी ‘न्यू’ लावून बोर्ड टांगला. वडिलांनी दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून आमच्या पाटीखाली लिहून घेतलं, ‘आमची कोठेही शाखा नाही.’ पुण्यात या वाक्यामागे किती घरं मोडलेली आहेत, याची मोजदाद कुणी करायला हवी. पुढे वडील गेले तेव्हा काका आले, दहाव्यापर्यंत थांबले, पण प्रेसची पायरी चढले नाहीत. मी पाटीवरचं वाक्य पुसलं नाही. का, ते आज नीट सांगता येत नाही. आळस आणि मान यांत फार अंतर नसतं.

म्हणून 2007 मध्ये पीटर हुक न्यू ऑर्डरमधून बाहेर पडल्याची बातमी मी परक्यासारखी वाचू शकलो नाही. हुक म्हणजे बँडमधला बेस गिटार वाजवणारा. बेस खालच्या स्वरांत घुमायचा असतो. याचा वर, गळ्याशी वाजायचा, कारण सुरुवातीच्या स्वस्तातल्या अँपवर खालचे स्वर त्याला ऐकूच यायचे नाहीत. त्यातून त्याचा हात घडला, आणि त्या हातावरून बँड ओळखू यायचा. गायकापेक्षाही. तो म्हणाला, बँड संपला. समनर आणि मॉरिस म्हणाले, तू गेलास, बँड आहे. मग हुकने ‘पीटर हुक अँड द लाइट’ काढला आणि जॉय डिव्हिजन-न्यू ऑर्डरचे अख्खेच्या अख्खे अल्बम मंचावर वाजवू लागला. एक दुकान नाव ठेवून, दुसरं माल ठेवून. 2015 मध्ये नावाच्या वापरापोटी आपल्याला फार थोडा वाटा मिळतो म्हणून हुक कोर्टात गेला आणि 2017 मध्ये तडजोड झाली. ज्या पोरांनी 1980 मध्ये एक नाव न बोलता उतरवून ठेवलं, त्यांनीच म्हातारपणी दुसऱ्या नावासाठी वकील लावले. मला यात कुणाची बाजू घेता येत नाही. पाटी लिहून घेणाऱ्याचा मी मुलगा आहे.

2001 मध्ये आजारी मुलीकडे बघायला घरी बसलेली गिल्बर्ट 2011 मध्ये परतली. निमित्त त्यांच्या व्हिडिओंचं काम पाहणाऱ्या मायकल शॅमबर्ग या आजारी मित्रासाठी ब्रसेल्स आणि पॅरिसला केलेल्या कार्यक्रमांचं होतं. तिथून गाडी पुन्हा चालू झाली, आणि सप्टेंबर 2015 मध्ये ‘म्युझिक कम्प्लीट’ आला. त्याआधीचा पुऱ्या नव्या गाण्यांचा अल्बम 2005 चा. समनर साठीला टेकलेला.

बातमी मुलीने दिली. ती तेव्हा बंगळुरूला डिझायनर होती. फोनवर म्हणाली, “बाबा, तुझी माणसं परत आलीत. आणि पाकीट त्याच माणसाचं आहे.”

पाकीट त्याच माणसाचं, यावर मी आधी खूश झालो, गाणी नंतर ऐकली. तिरप्या रेषा, कोन, आणि मध्ये सपाट, न घाबरता भरलेले रंग. सीडीला रंगांची एक जुळणी, तबकडीला दुसरी. फ्लॉपीसारखी गंमत नाही, फांतँ-लातूर या फ्रेंच चित्रकाराच्या गुलाबांसारखा दिमाखही नाही. ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’वर 1890 सालचं गुलाबांच्या टोपलीचं तैलचित्र होतं, कोपऱ्यात रंगांचे ठोकळे आणि बाकी कोरं. ते 2010 मध्ये ब्रिटनच्या टपाल तिकिटावर आलं. त्यापुढे हे नवं पाकीट एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याने केल्यासारखं वाटलं. पण दोन-तीन दिवस टेबलावर ठेवलं तेव्हा लक्षात आलं की मी त्याच्याकडे सारखा बघतोय. सपाट रंग छापणं सर्वांत अवघड. फोटोत दोष लपतो, सपाट पिवळ्यात धुळीचा कणही दिसतो. पन्नाशी-साठीतल्या माणसाने फोटोमागे न लपता सपाट रंग घ्यावा, यात काहीतरी होतं.

गाण्यांबद्दल थोडक्यात. ‘रेस्टलेस’ लागलं आणि मी हुकचा बेस वर चढायची वाट पाहत बसलो. जागा तीच, वाजवणारा टॉम चॅपमन. तो चांगला वाजवतो. पण घरात सून पहिल्यांदा आमटी करते तेव्हा सगळे ‘छान झालीय’ म्हणतात आणि कुणी दुसऱ्यांदा घेत नाही, तसं माझं झालं. ‘प्लास्टिक’ मात्र लागलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. तोच यंत्राचा ठोका, पण आता तो कशापासून पळत नव्हता, नुसता मजेत धावत होता. ‘स्ट्रे डॉग’मध्ये अमेरिकन गायक इगी पॉप खर्जात एक कविता म्हणतो, ती मला एकदाच पुरली. ‘टुटी फ्रुटी’वर मी प्रेसमध्ये एकटा असताना नाचलो आहे, हे कुणी सांगितलं तर मी नाकारीन. अल्बम लांबलाय, अकरातली दोन गाणी मी सहज कापली असती. पण इतक्या वर्षांनी परतणारे बहुतेक जण स्वतःच्या जुन्या फोटोला हार घालायला येतात. हे चक्क कामावर आले होते. यंत्रं पुन्हा पुढे, गिटार मागे, आणि गिल्बर्ट आपल्या जागेवर.

त्याच वर्षी मुलीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झाल्यावरची तारीख, आमचा ऐन सीझन. पत्रिका अर्थात घरची. तिने डिझाइन पाठवलं ते उघडून मी दोन मिनिटं गप्प बसलो. समोरची बाजू पूर्ण काळी. नाव नाही, गणपती नाही, मुहूर्त नाही. उजव्या कडेला रंगांचे सात ठोकळे. किल्ली आत.

“काळी? लग्नाला?” बायको म्हणाली.

दोन आठवडे वाटाघाटी चालल्या. काळा जाऊन हळदीचा पिवळा आला. ठोकळे राहिले. आत सगळं रीतीप्रमाणे, कुलस्वामिनीपासून सोनू-मोनूपर्यंत. व्याह्यांची यादी आली, आमची झाली. निमंत्रकांत पहिलं नाव कुणाचं, तिथे मी अडलो. घरातलं हयात वडीलधारं माणूस एकच होतं. मी ते नाव टाइप केलं, प्रुफ काढलं, आणि पोराबरोबर दोन पेठा पलीकडे पाठवून दिलं. चिठ्ठीत फक्त लिहिलं, ‘काका, प्रुफ तपासून द्यावे.’

मला वाटलं होतं प्रुफ परत येईल. संध्याकाळी काकाच आले. एकवीस वर्षांनी. पायरीपाशी थांबून त्यांनी पाटी वाचली, वरची ओळ आणि खालचीही, चूक शोधावी तशी. मग आत आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, खिशात तेच जुनं भिंग. आतल्या मजकुरात त्यांनी एक वेलांटी बदलली आणि एका मावशीचं ‘सौ.’ खोडून ‘श्रीमती’ केलं. त्या मावशीचे यजमान गेल्याचं आम्हाला माहीतही नव्हतं. स्वतःच्या नावावरून पेन्सिल पुढे सरकली, तिथे खूण केली नाही. मग कार्ड उलटं करून त्यांनी समोरच्या बाजूला भिंग लावलं आणि ठोकळ्यांवर बराच वेळ वाकून राहिले.

“हे काय लिहिलंय?”

“तिचं आणि जावयाचं नाव आहे. रंगांत.”

“हं.” भिंग पुन्हा खाली. “तांबडा केसभर बाहेर आहे. प्लेट सरकलीय तुझी.”

मुलगी मागे उभी होती. म्हणाली, “राहू दे, आजोबा.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काही बोललो नाही. त्यांनी भिंग पुसून खिशात टाकलं, कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.

“किती छापायच्या?”

“सहाशे.”

“साडेसहाशे काढ,” ते मशीनकडे वळत म्हणाले. “वेस्टेज धरायला नको?”